घशातला खडा

२०१८ साली श्रावणात नाना गेला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊसही गेला.

नाना म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी थोरला, पण शाळेत गटांगळ्या खात खात माझ्याच वर्गात येऊन बसलेला. तेव्हाच्या त्या छोट्या रेल्वेनं आम्ही दोघं बार्शीला शाळेला जायचो. तंबाखूची पहिली चिमूट त्याच गाडीच्या दारात बसून लावली. मला घेरी आली आणि नाना पोट धरून हसला. पुढं मी दहावी सुटलो, त्यानं शाळा सोडली, आणि दोघंही आपापल्या रानात लागलो. बांधाला बांध होता. चाळीस वर्षं आमची चंची एकच. ज्याच्या रानात काम, त्याच्या कमरेला ती असायची. दिवसातनं किती वेळा बार भरला हे कोण मोजतंय?

त्याच्या आदल्या वर्षी हुरड्याला बसलो होतो, तेव्हा नाना म्हणाला, "तिखट लई झोंबाय लागलंय रं. आन तोंड बी नीट उघडंना झालंय." मी बॅटरी लावून त्याच्या तोंडात बघितलं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. मी म्हणालो, "उष्णता असंल. गुलकंद खा, ताक पी."

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

आणि मला काही माहीत नव्हतं असंही नाही. बार्शीला कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथली माणसं १९८७ सालापासून बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावांत फिरून कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवतात. खेड्यातली अशी नोंद देशात पहिल्यांदा इथं सुरू झाली. आमच्या मारुतीच्या पारावर बसून त्यांनी एकदा चित्रं दाखवली होती. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातला पांढरा नाहीतर लाल चट्टा, बसलेला आवाज. तोंडात तीन बोटं उभी जातात का, तेही करून बघायला सांगितलं होतं. मी आणि नाना पुढंच बसलो होतो. तंबाखू मळत.

गुलकंद-ताकात सात-आठ महिने गेले. मग ऑपरेशन झालं, शेक झाले, नाकातनं नळी बसली. शेवटी त्याला पाण्याचा थेंब गिळता येईना. मी गेलो की गळ्याकडं हात नेऊन खूण करायचा, इथं, इथं. सावडायच्या दिवशी मी चंची ओढ्यात टाकली. त्यानंतर तोंडात चिमूट घातली नाही. पण ते काही शहाणपण नव्हतं, भीती होती.

घटस्थापनेच्या सुमाराची रात्र. अंथरुणावर पडलो होतो. थुंकी गिळली आणि घाटीच्या खाली काहीतरी अडकल्यासारखं झालं. हरभऱ्याएवढा खडा. पुन्हा गिळलं, पुन्हा तेच. उठून तांब्याभर पाणी प्यायलो. पाणी गेलं, खडा तिथंच. रात्रभर गिळत बसलो. पहाटे कोंबडं आरवलं तोवर माझं मी ठरवून टाकलं होतं, की नानाचं झालं, आता माझं.

गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गुळण्या सांगितल्या. आठ दिवसांत फरक नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "पडजीभ पडली आसंल, उचलाय पायजे." तिनं मिठात अंगठा बुडवून माझ्या घशात घातला. ओकारीनं डोळ्यांत पाणी आलं, पडजिभेचं काय झालं ते तिला ठाऊक. कोणी म्हणालं हळद-दूध घ्या, कोणी म्हणालं नजर लागलीय. एकानं तर नानाचंच नाव काढलं, की दोघांचं एवढं गूळपीठ, तो काय एकटा जातोय व्हय! तो बोलून चहा पिऊन गेला. मी तीन रात्री जागा.

मग मी माझी तपासणी सुरू केली. सकाळी उठल्यावर पहिली थुंकी गिळून बघायची. मग आरशासमोर तोंड वासून बॅटरी. मग गळा चाचपायचा. एके दिवशी जबड्याखाली डाव्या बाजूला गाठ लागली. घाम फुटला. उजवीकडं चाचपलं, तिकडंही तशीच. आता दोन झाल्या. ही भाकरी थापत होती. तिला म्हणालो, "जरा मान वर कर." तिच्याही गळ्यात तशाच दोन निघाल्या. ही म्हणाली, "आता गावातल्या समद्यांचे गळे चाचपून या, म्हंजी तुमचं मन भरंल."

रेशन दुकानातल्या काट्यावर रोज उभा राहायला लागलो. महिन्यात तीन किलो कमी झालो. चट्टा, आवाज, वजन, चित्रातलं सगळं डोळ्यांपुढं होतंच. वजन का कमी झालं ते साधं होतं. घास अडकेल या भीतीनं मी अर्ध्या भाकरीवर आलो होतो. पण भीती असा हिशेब मांडत नाही. तिनं तीन किलो बघितले आणि म्हणाली, बघ, मी सांगत होते.

मोबाइलमध्ये तोंडानं बोललं की शोधून देतो, हे पुण्याच्या नातवानं शिकवलं होतं. मी मोटरच्या खोलीत जाऊन हळूच म्हणायचो, "घशात गोळा". खाली दहा गोष्टी यायच्या, नऊ साध्या, दहावी कॅन्सर. नऊ वाचल्याच नाहीत.

बार्शीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं गेलो. नाकात औषध फवारलं, बारीक नळी घातली. टीव्हीवर माझाच घसा दिसत होता. लाल, ओला, आणि मधे दोन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करत होत्या. त्या आवाजाच्या, असं ते म्हणाले. "काका, स्वच्छ आहे सगळं. काही नाही." बाहेर आलो, एसटी स्टँडवर भेळ खाल्ली, खडा गायब. आनंदानं घरी फोन केला. वैरागच्या फाट्यापर्यंत गाडी आली असेल नसेल, मनात आलं, नळी वरच्या वर फिरली, खाली कुठं गेली? आणि खडा आपल्या जागेवर परत.

म्हणून सोलापूर. तिथं तोंडातनं नळी घालून अन्ननलिका, पोट, सगळं बघतात. उपाशीपोटी जायचं. पैशाची सोय म्हणून दोन बोकड विकले. दुष्काळ दिसत होता, भाव पडेल तोच घ्यायचा. तिथंही रिपोर्ट चांगला आला. थोडी ॲसिडिटी, बाकी काही नाही. घरी आल्यावर ही गोठ्याकडं बघत म्हणाली, "बोकडाचा गळा बरा व्हता, त्यो गेला. तुमच्या गळ्याला काय न्हाय, त्यो ऱ्हायला." मला राग आला. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं, हिला माझं काही नाही. रात्री बघितलं तर ती जागीच होती. माझ्या गिळण्याचा आवाज मोजत पडली होती.

तरी मी पोराला फोन लावला, "पुण्याला येतो, सीटी स्कॅन करून घेऊ." पोरगं म्हणालं, "आण्णा, अजून कितीदा? समजा स्कॅनमध्ये बी काय न्हाय आलं, मग काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर होतं, मग मुंबई.

त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नाही. एक सरबट सर आली तेवढ्यावर ज्वारी पेरली होती. गुडघ्याएवढी झाली आणि वाळली. हुरडा नाही, काढणी नाही, रानात पाऊल टाकायचं कारण नाही. आमच्याकडं मालदांडी म्हणजे वर्षाचं दाणं आणि वर्षाची वैरण. ती गेली म्हणजे माणूस दिवसभर पारावर बसणार. तंबाखू सोडलेली, तोंड रिकामं, हात रिकामे. सहा-सात कप चहा व्हायचा. बाकी काम एकच, थुंकी गिळायची आणि खडा आहे का बघायचं.

बार्शीच्या डॉक्टरकडं दुसऱ्यांदा गेलो ते भांडायच्या तयारीनं. माणूस शांत. माझ्या पोराच्या वयाचा. त्यानं सोलापूरचा रिपोर्ट वाचला आणि नळी काढलीच नाही. खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काका, भाकरी अडकते का?"

"न्हाय."

"पाणी?"

"न्हाय."

"मग अडकतं काय?"

"थुंकी."

"म्हणजे भाकरी जाते आणि थुंकी अडकते. गाठ असती तर आधी भाकरी अडकली असती ना?"

मी गप्प. मग म्हणाले, "आता माझ्याबरोबर लागोपाठ सहा वेळा गिळा. पाणी नाही, नुसतं." त्यांनी स्वतःही गिळायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्याला जड गेलं. पाचव्याला घसा आवळला. सहावं जाईनाच. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांचंही तोंड वेडंवाकडं झालेलं. म्हणाले, "मलाही खडा आला बघा. तुम्ही दिवसातनं किती वेळा गिळून बघता?"

त्यांनी समजावून सांगितलं. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं कडं असतं. काळजीनं, पोटातल्या आंबटानं ते आवळून राहतं आणि गोळा असल्यासारखं वाटतं. वाटतं ते खोटं नाही, पण आत गोळा नसतो. कोरडं गिळत राहिलं की कडं आणखी आवळतं. त्याला इंग्रजीत नावही आहे, ग्लोबस. नाव ऐकून मला का कोण जाणे, बरं वाटलं. नाव आहे म्हणजे आपल्या आधी कोणाला तरी झालंय.

उठता उठता मी एकदाचं विचारलं, जे मला तीन महिने विचारायचं होतं. "डॉक्टरसाहेब, माझा भाऊ बी 'काय न्हाय, काय न्हाय' म्हणत गेला. मीच त्याला म्हणलो उष्णता हाय. मग आता तुम्ही काय न्हाय म्हणता, ते मी कसं धरू?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या भावाला कोणी तपासून काही नाही म्हटलं होतं का?"

"न्हाय."

"तुम्हाला दोन ठिकाणी आतनं बघून म्हटलंय. फरक तेवढाच आहे, पण मोठा आहे." मग एका कागदावर लिहून दिलं. घास अडकायला लागला, गिळताना दुखलं, आवाज तीन आठवडे बसला, थुंकीत रक्त आलं, मानेत नवी गाठ आली, नीट जेवूनही वजन उतरलं, तर त्याच दिवशी यायचं. यातलं काही नसेल तर सहा महिन्यांनी. मधे यायचं नाही. सकाळची ॲसिडिटीची गोळी महिनाभर, चहा दोन कप, आणि गिळावंसं वाटलं तर कोरडं न गिळता पाण्याचा घोट.

पटलं. पण पटणं आणि सुटणं यात अंतर असतं. पुढचे आठ दिवस मी कागद वाचायचो आणि कागदात लिहिलेलं आपल्याला आहे का ते बघायला गिळायचो.

माघातली गोष्ट. गावाला टँकर सुरू झाला होता. कधी येईल नेम नाही. एका रात्री दोनला हॉर्न वाजला. हंडे, कळश्या, ड्रम, जे हाताला लागलं ते घेऊन सगळं गाव विहिरीकडं पळालं. टँकर विहिरीत सोडायचा आणि पोहऱ्यानं शेंदायचं. एका म्हातारीचा पाय घसरला, तिला धरलं. दोघांची पाण्यावरनं बाचाबाची झाली, ती सोडवली. हिच्या डोक्यावर हंडा चढवून दिला, पुन्हा रांगेत. पहाटे साडेचारला ओट्यावर टेकलो. अंग घामानं निथळत होतं, हाताला दोराचे वळ. हिनं पाण्याचा तांब्या हातात दिला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अडीच तास झाले, मला खडा नव्हता. आठवणच नव्हती. आणि आठवण आली तसा तो आला. अगदी मी बघत असताना आला, दारातनं पाहुणा यावा तसा.

हिला सांगितलं. तिनं मोठा विचार केला नाही. "गाठ आसती तर टँकर आला म्हनून रजेवर गेली आसती व्हय?"

डॉक्टरचं आणि तिचं म्हणणं एकच होतं. पण तिचं आतपर्यंत गेलं.

त्या दिवसापासून हिनं कायदा केला. घसा दिवसातनं एकदाच बघायचा, दिवेलागणीला. मधे मनात आलं तर म्हणायचं, संध्याकाळी बघू. आणि तिला विचारायचं तेही तेव्हाच, एकदाच. "मला काय झालं नसंल ना गं?" हा प्रश्न मी तिला दिवसातनं वीस वेळा विचारत होतो आणि ती बिचारी वीस वेळा नाही म्हणत होती. दर नाहीनंतर मला पाच मिनिटं बरं वाटायचं. पाच मिनिटांसाठी तिचा जीव खाल्ला मी.

दुधाच्या हिशेबाची खिशातली डायरी होती. दूध आटलं होतं, पानं कोरी. कितीदा गिळून बघितलं त्याच्या रेघा मारायला लागलो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ६१ झाल्या, मग लाज वाटून मोजायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी ५०-५५. आठवड्यानं ३०. एखाद्या दिवशी पुन्हा ७०. लहानपणी मी भुईमूग टोकला की दुसऱ्या दिवशी उकरून बघायचो, मोड आला का म्हणून. आजा काठी घेऊन मागं लागायचा, "आरं, उकरून उकरून मारशील त्याला." डायरीत रेघ मारताना आजा आठवायचा.

दिवेलागणीचा कायदा वाटतो तेवढा सोपा नव्हता. पहिल्या पहिल्यांदा मी चारलाच दिवा लावायला सांगायचो. ही कंदील पुसायला घ्यायची आणि मुद्दाम लावायची नाही. सूर्य बुडाल्याशिवाय तिच्या लेखी दिवेलागण नव्हती. कधी कधी ती वेळ यायची आणि मी गुरांना पाणी दाखवण्यात असायचो, राहूनच जायचं. ही आठवण करायची नाही.

वजन चढलं. भाकरी दीड झाली. रेशनच्या काट्यावर चढायचं बंद केलं. तो दुकानदार अजून विचारतो, "आण्णा, मोजायचं न्हाय का?"

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जूनमध्ये शेजारच्या गावच्या पाव्हण्याचं घशाचंच निघालं, तेव्हा दोन रात्री पुन्हा तेच. सहा महिन्यांनी डॉक्टरकडं गेलो, त्यांनी नळी घालून बघितलं, तसंच स्वच्छ. येताना भेळ खाल्ली. वैरागच्या फाट्यावर मन म्हणालं, खाली कुठं बघितलं? मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो. त्याला उत्तर दिलं नाही.

एक गोष्ट तेवढी अजून तशीच आहे. ती या गोळ्यांनी किंवा दिव्यानं जाणारी नाही. हुरड्याच्या दिवसांत आगटीजवळ बसलो की नानाचा वासलेला जबडा आणि माझ्या हातातली बॅटरी दिसते. नानाच्या पोराला मी हे एकदा सांगितलं. तो म्हणाला, "काका, आबा तुमचं ऐकून ऱ्हायले न्हाईत, त्यांना जायचंच नव्हतं दवाखान्यात." त्यानं माझ्यासाठी म्हटलं की खरं म्हटलं, कळायला मार्ग नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची बाई आली होती. तिचं पोरगं बावीस-तेवीस वर्षांचं, ट्रॅक्टर चालवतं. गुटख्याला बंदी येऊन किती वर्षं झाली, तरी त्याच्या खिशात पुड्या असतात. तिखट खाईना झालंय, म्हणाली. त्याला बोलावलं. ओट्यावर बसवलं, म्हणालो, तोंडात तीन बोटं उभी घाल. दोनच गेली. तिसरं जाईना. ते हसायला लागलं, "काका, माझं तोंडच लहान हाय." मी बॅटरी आणली. हात थोडा कापत होता.

आई दारात उभी. "काय असंल हो आण्णा? उष्णता असंल का?"

मी म्हणालो, "मला त्यातलं कळत न्हाय. बार्शीला दाखवू."

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं ठरलंय. ते पोरगं टाळाटाळ करतंय, ट्रॅक्टरचं भाडं आहे म्हणतंय. त्याच्या मालकाला मी फोन करून ठेवलाय.